देणारे, मागणारे, घडवणारे : आदिलाबादच्या कलेची ओळख

कलेचे केंद्र म्हटले की कलाशाळा, प्रदर्शनांची दालने, संग्राहक, समीक्षक आणि या सर्वांना पोसणारे एखादे मोठे शहर अशी चौकट वाचकाच्या मनात उभी राहते. तेलंगणाच्या उत्तर टोकाला, पैनगंगा आणि गोदावरी या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेल्या आदिलाबाद जिल्ह्याला ही चौकट लावली, तर हस्तकलेची काही विक्रीकेंद्रे आणि पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकांतील मोरपिसांचे टोप यांपलीकडे हाती फारसे काही लागत नाही. परंतु याच भूभागात मेणाच्या साच्यातून पितळ ओतणारे वोज कारागीर, तीन तारांच्या किकरीवर कुळकथा गाणारे परधान, गोंदण काढणाऱ्या तोटी स्त्रिया, हलक्या लाकडातून फळे-पक्षी घडवणारे निर्मळचे नक्काश आणि दिवाळीपूर्वीच्या रात्री जागवणारे घुसाडी नर्तक शेजारी शेजारी राहत आले आहेत. येथील कला एखाद्या व्यक्तीच्या नावाने किंवा शहराच्या लौकिकाने उभी राहिलेली नाही. एका समाजाने दुसऱ्या समाजासाठी काही घडवायचे वा गायचे, आणि दुसऱ्याने त्याचा मान व शिधा द्यायचा, अशा वंशपरंपरेने चालत आलेल्या नात्यांवर ती उभी आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय ही नाती आणि त्यांतून निघालेल्या वस्तू, गाणी व नृत्ये हा आहे.

‘आदिलाबाद’ हे नाव येथे व्यापक अर्थाने घेतले आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये तेलंगणा सरकारने जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मळ, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे केले. त्यामुळे प्रशासकीय भाषेत आज निर्मळची खेळणी एका जिल्ह्याची, वोजांचे ओतकाम दुसऱ्या जिल्ह्याचे आणि केसलापूरची नागोबाची जत्रा तिसऱ्याची ठरते, पण कलेच्या अभ्यासाला ही वाटणी उपयोगाची नाही. त्याहून जुनी एक वाटणी मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात किनवट आणि राजुरा हे तालुकेही होते. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत ते वेगळे झाले, किनवट नांदेडकडे गेले आणि राजुरा पुढे चंद्रपूरला जोडले गेले. सरहद्द आखली गेली तरी सोयरिकी, देवस्थाने आणि दंडारी नाचाचे फड तिच्या दोन्ही अंगांना राहिले. म्हणून आदिलाबादची कला मराठी वाचकाला परप्रांताची म्हणून सांगणे इतिहासाला धरून होणार नाही.

या संबंधाचा काळ मागेही बराच जातो. आदिलाबाद शहराजवळच्या जैनद येथील मंदिरात परमार जगद्देवाचा शिलालेख आहे आणि त्याच जगद्देवाच्या काळातला, शके 1034 चा लेख यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावला मिळालेला आहे. माळव्याच्या राजघराण्यातील हा पुरुष कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला दक्षिणेत आला आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आपल्या खुणा ठेवून गेला. पुढे चांद्याच्या गोंड राजांचा अंमल, मग मोगल, मराठे आणि निजाम अशा सत्ता या डोंगराळ मुलखावरून गेल्या. दऱ्याखोऱ्यांतल्या गोंड मोकाशींचा व पाटलांचा मान मात्र विसाव्या शतकापर्यंत कमीअधिक टिकला, आणि कलावंतांना आश्रय देणारा वर्गही मुख्यतः हाच होता.

राजगोंडांची समाजरचना कळल्याशिवाय येथील कला कळत नाही, म्हणून तिची थोडक्यात फोड करणे अवश्य आहे. गोंडांची कुळे चार, पाच, सहा आणि सात भावांच्या अशा चार मोठ्या गटांत विभागलेली असतात. या गटाला ‘सगा’ म्हणतात आणि विवाह आपल्या सगाबाहेरच करावा लागतो. प्रत्येक कुळाचे दैवत म्हणजे ‘पेरसापेन’, अर्थात थोरला देव. भाल्याचे लोखंडी पाते आणि चवरी ही त्याची चिन्हे. या देवाची उत्पत्ती, कुळाच्या आद्यपुरुषांचे पराक्रम आणि गोंड देवांच्या बंदिवासाची व सुटकेची महाकथा गाण्याचा अधिकार गोंडाचा नसून त्या कुळाला बांधलेल्या परधानाचा असतो. परधान किकरी वाजवतो, पूजेत आणि मृताच्या संस्कारात त्याच्या गाण्यावाचून विधी पुरा होत नाही, आणि त्याबदल्यात यजमान कुळाकडून त्याला धान्य, वस्त्र, जनावर असे देणे मिळते. काही कुळांच्या बाबतीत हेच काम तोटी समाजाकडे असते आणि त्यांच्या स्त्रिया गोंदणकामात वाकबगार समजल्या जातात.

या व्यवस्थेतील सर्वांत विलक्षण गोष्ट भाषेची आहे. आदिलाबादचे परधान आपसांत मराठी बोलतात; घरात, बाजारात, पोराबाळांशी त्यांची भाषा मराठीच असते. पण कुळकथा गायला बसले की ती गोंडीत गातात, कारण ती ज्यांची आहे त्यांची भाषा गोंडी आहे. स्वतःच्या मातृभाषेत नसलेले एक संपूर्ण वाङ्मय पिढ्यान्‌पिढ्या कंठस्थ ठेवणाऱ्या या समाजाची मराठी साहित्याच्या इतिहासात नोंद जवळजवळ नाही, आणि गोंडीच्या अभ्यासकांनीही त्यांच्या मराठीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसे परधानांचे झाले आहे. लोकवाङ्मय म्हणजे ‘लोकांनी आपल्या बोलीत केलेली उत्स्फूर्त रचना’ अशी जी सोपी व्याख्या पाठ्यपुस्तकांत दिलेली असते, तिला एवढे एक उदाहरणही पुरून उरते.

मध्य प्रदेशातील परधानांशी तुलना केली तर आदिलाबादचे वेगळेपण अधिक उमटून दिसते. दिंडोरी भागातील पाटणगढ गावचा तरुण परधान जनगढसिंह श्याम 1980 च्या दशकात चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळच्या भारत भवनात आला, आणि गाण्यातले देव त्याने रंगांत उतरवले. पाहता पाहता ‘गोंड चित्रकला’ या नावाची एक शैली जगभरच्या दालनांत पोचली. 2001 साली जपानमध्ये त्याचा अकाली मृत्यू झाला तरी त्याच्या नात्यागोत्यातील अनेक चित्रकार त्या शैलीवर आज उपजीविका करतात. आदिलाबादच्या परधानांच्या वाट्याला भारत भवन आले नाही. त्यांची कला गाण्यातच राहिली, म्हणजे यजमानाच्या अंगणातच राहिली. त्यामुळे ती बाजारू झाली नाही हे खरे असले, तरी यजमानाची शेती आणि देण्याची ऐपत जसजशी आटली तसतशी तीही आटत गेली, हेही तितकेच खरे. अलिप्ततेला शुद्धता समजून तिचे गोडवे गाणे हे दूर राहणाऱ्या रसिकालाच परवडते.

गोंड कुळांच्या देवघरासाठी व अंगासाठी लागणारी धातूची वस्तू वोज कारागिरांकडून येते. यांनाच कोठे ओझा तर कोठे ओतारी म्हणतात आणि त्यांची वस्ती जैनूर–केरामेरी भागातील उशेगाव, केसलागुडा अशा थोड्या गावांत आहे. बारीक चाळलेल्या मातीचा गाभा करायचा, मेणात राळ मिसळून त्याचे दोरे वळायचे, ते गाभ्यावर एकेक करून बसवत देवाचे डोळे, घोड्याची आयाळ किंवा घंटेची वेलबुट्टी उठवायची, त्यावर पुन्हा मातीचा लेप देऊन भट्टी लावायची, आणि मेण वितळून वाहून गेल्यावर राहिलेल्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा, अशी ही पद्धत आहे. वस्तू बाहेर काढताना साचा फोडावा लागतो, त्यामुळे एका साच्यातून दुसरी वस्तू निघत नाही. बस्तर, ओडिशा, बंगाल येथील ‘डोकरा’ कामाशी तिचे नाते उघड आहे. वोज मात्र पूर्वी मुख्यतः विशिष्ट कुळाच्या विशिष्ट गरजेसाठी घडवत असत. घुंगरू, घंटा, समया, पेरसापेनाच्या पूजेतील मूर्ती या वस्तूंना ठरलेले घर आणि ठरलेला प्रसंग होता. 2018 मध्ये ‘आदिलाबाद डोकरा’ला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे नाव या प्रदेशाबाहेर बनलेल्या मालाला वापरता येणार नाही, असे कायद्याचे संरक्षण मिळाले. मानांकनाने नावाला कुंपण घातले, परंतु गिऱ्हाईक बदलले ते बदललेच. आजचा कारागीर दिवाणखान्यात ठेवायचा मोर आणि हत्ती अधिक ओततो, आणि मापे, चकाकी व किंमत या गोष्टी आता कुळाऐवजी हस्तकला महामंडळाच्या मागणीवर ठरतात.

निर्मळची कथा याहून निराळ्या घाटाची आहे. सतराव्या शतकातील निम्मानायडू नावाच्या स्थानिक सरदाराच्या नावावरून या गावाचे नाव पडले असे मानले जाते आणि नक्काशांना त्याने आश्रय दिल्याचे परंपरा सांगते. पुढे निजामाच्या काळात येथे किल्ला आणि तोफांचा कारखाना होता. लाकूड, रंग व रोगण यांचे काम जाणणाऱ्या कारागिरांना अशा लष्करी-दरबारी गावात मागणी असणे स्वाभाविक होते. खेळण्यासाठी ‘पोनिकी’ नावाच्या झाडाचे अत्यंत हलके, मऊ लाकूड वापरतात. वेगवेगळे कोरलेले अवयव चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून केलेल्या लगद्याने जोडायचे, त्याच लगद्याने सांधे गुळगुळीत करायचे, वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवून मग रंग द्यायचा, असा क्रम असतो. जुने वनस्पतिज आणि खनिज रंग जाऊन विसाव्या शतकात ड्युको रंग आले, आणि आज निर्मळची म्हणून ओळखली जाणारी चकाकी बहुतांशी या औद्योगिक रंगाची आहे. परंपरेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूचे सर्वांत लक्षात राहणारे लक्षण परंपरेबाहेरून आलेले असावे, हा योगायोग हस्तकलेच्या इतिहासात दुर्मीळ नाही. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी आकृती उठवणाऱ्या निर्मळ चित्रांतही सोने नसते. कथिलाच्या वर्खावर वनस्पतींच्या रसाचे रोगण देऊन तो रंग साधण्याची युक्ती ही या नक्काशांची खासियत मानली जाते. अजिंठ्याच्या आकृती, मोगल लघुचित्रांची मांडणी आणि पुराणप्रसंग यांची सरमिसळ या चित्रांत दिसते, ती हैदराबादच्या दिवाणखान्यांची आवड लक्षात घेऊन झालेली आहे. हैदराबादच्या अभिजनांपैकी लेडी हैदरी यांनी काही कारागिरांना तिकडे आणले, तेथे निर्मळ वस्तूंचे वेगळे केंद्र निघाले, निर्मळ गावात कारागिरांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि अशा रीतीने दरबाराची जागा प्रथम अभिजनांच्या आश्रयाने व नंतर सरकारी विक्रीकेंद्राने घेतली. निर्मळची कला टिकली ती प्रत्येक वेळी नवा धनी शोधून. पोनिकीची झाडे जंगलात विरळ होत गेली, ही तिची आजची खरी अडचण आहे, आणि नव्या धन्याने ती सुटण्यासारखी नाही.

नृत्याच्या बाबतीत अश्विन पौर्णिमेच्या सुमारास सुरू होऊन दिवाळीपर्यंत चालणारी दंडारी हा गोंडांचा सर्वांत मोठा उत्सव होय. एका गावचा फड दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो, यजमान गाव त्याला जेवू घालते, रात्रभर नाच होतो, आणि या भेटींतून सोयरिकीही जुळतात. फडातील घुसाडी म्हणजे अंगाला राख फासलेला, जनावराचे कातडे पांघरलेला, डोक्यावर मोरपिसांचा भव्य टोप चढवलेला नर्तक. उत्सवाच्या दिवसांत तो दैवी मानला जातो आणि त्याच्यावर आचाराची बंधनेही असतात. गोदावरीकाठच्या गुडिरेवू येथील पद्मलपुरी काको या देवीशी दंडारीचा विशेष संबंध आहे. झाडीपट्टीतील दंडार पाहिलेल्या मराठी वाचकाला नाव ओळखीचे वाटेल. किनवट, माहूर, यवतमाळ भागातील गोंड-कोलामांची दंडार तर याच कुटुंबातील आहे. मार्लवाई गावचे कनक राजू यांनी घुसाडी नृत्य अनेक तरुणांना शिकवले आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर 2024 मध्ये, दंडारीच्याच मोसमात, त्यांचे निधन झाले. त्यांच्यामुळे घुसाडी राज्याची ओळख बनला. त्याबरोबरच हा नृत्यवेश आता मंत्र्यांच्या स्वागतालाही, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, चढवला जाऊ लागला. ठरावीक दिवसांपुरते देवत्व धारण करणारा नर्तक बारमाही झाला की त्याच्या देवत्वाचे काय होते, हा प्रश्न केवळ आदिलाबादपुरता नाही. केरळच्या तेय्यमबद्दलही तो विचारला जातो.

मार्लवाईचे नाव दुसऱ्या कारणानेही अभ्यासकांना परिचित आहे. 1940 साली कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखालील गोंडांचा उठाव जोडेघाट येथे मोडून काढण्यात आल्यानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना या भागाच्या अभ्यासाला पाठवले. ते व त्यांच्या पत्नी बेट्टी मार्लवाईत राहिले. 1948 मध्ये त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ निघाला, आणि परधानांच्या कथागायनाचा आजही तो पायाभूत आधार आहे. गोंड मुलांसाठी त्यांच्या पुढाकाराने निघालेली पहिली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत होती, ही गोष्ट मराठीच्या या प्रदेशातील स्थानाबद्दल बरेच सांगते. त्यांच्या पाठोपाठ सेतुमाधवराव पगडी यांनी केलेले काम मराठीत तरी अधिक स्मरणात राहायला हवे होते. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबादच्या गोंडांत वावरले. त्यांनी गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गोंडी व कोलामी भाषांची व्याकरणेही केली. शिवचरित्राच्या झोतात त्यांचे हे अंग झाकले गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील कलेचा विचार करणारी माणसे जिल्ह्यातच निर्माण झाली. रवींद्र शर्मा (1952–2018) हे शिल्पकलेचे रीतसर शिक्षण घेऊन आदिलाबादला परतले आणि त्यांनी ‘कला आश्रम’ स्थापन केला. ‘गुरुजी’ म्हणून देशभर ओळखले गेलेले शर्मा गावोगावच्या कुंभार, सुतार, ओतारी आणि मागत्या जातींचे व्यवहार बारकाईने पाहत आणि हिंदीतील आपल्या ओघवत्या व्याख्यानांतून ते मांडत. प्रत्येक कारागीर जातीचे पुराण सांगणारी एक मागती जात असते, आणि तिला दान देणे म्हणजे आपला इतिहास जिवंत ठेवण्याचा मोबदला देणे होय, या आशयाचे त्यांचे प्रतिपादन परधान-गोंड संबंधांना तंतोतंत लागू पडते. जुन्या ग्रामव्यवस्थेतील विषमतेकडे त्यांनी पुरेसे पाहिले नाही असा आक्षेप घेता येईल, आणि तो रास्तही आहे. देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नात्यात मान असतो तसा कमीपणाही असतो, आणि मागण्याचे काम सोडून शाळेत गेलेल्या परधान किंवा तोटी तरुणाला परंपरा बुडवल्याचा दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरीही कलेला वस्तूंच्या यादीतून सोडवून माणसांच्या व्यवहारात पाहण्याची दृष्टी शर्मांनी दिली, हे मान्य करावे लागते. त्यांच्याच शहरातले सामला सदाशिव (1928–2012) हे तेलुगूबरोबर उर्दू, फारसी, मराठी जाणणारे लेखक. हिंदुस्थानी संगीतावरील त्यांच्या ‘स्वरलयलु’ या लेखसंग्रहाला 2011 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेलुगू वाचकाला हिंदुस्थानी गायकी समजावून सांगणारा लेखक आदिलाबादमध्येच घडावा, यात येथील भाषांच्या सरमिसळीचा वाटा आहे.

आज या विषयाकडे वळण्याची निकड दोन विरुद्ध दिशांनी येते. एकीकडे गाणारे परधान आणि ओतणारे वोज थोडे उरले आहेत. दुसरीकडे समाज स्वतःच आपल्या कलेचा आश्रयदाता होऊ पाहतो आहे. नारनूर मंडळातील गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांची गोंडी लिपी 2018 मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या जागतिक मानकात, दाखल झाली. केसलापूरच्या नागोबाचे नवे दगडी देऊळ मेश्राम कुळाने आपसांत वर्गणी जमवून बांधले आणि डिसेंबर 2022 मध्ये तेथे प्रतिष्ठापना झाली. पौष अमावस्येच्या त्या जत्रेसाठी मेश्राम आजही गोदावरीचे पाणी पायी आणतात आणि लागणारी मडकी सिरिकोंडा गावच्या कुंभाराकडून घडवून घेतात. एका कुळाचा उत्सव, दुसऱ्या जातीची भांडी आणि तिसऱ्या समाजाचे गाणे ही जुनी बांधणी येथे अद्याप चालू आहे.

या ग्रंथाने स्वतःपुरत्या काही मर्यादा घालून घेतल्या आहेत. मथुरा लंबाडांचे भरतकाम, नायकपोडांचे लाकडी मुखवटे आणि आंधांची गाणी यांचा येथे केवळ प्रसंगोपात्त उल्लेख येतो, कारण प्रत्येकाला स्वतंत्र अभ्यास लागेल आणि अर्धवट माहितीने त्यांना प्रकरणात कोंबणे योग्य झाले नसते. कोमरम भीम यांच्या स्मृतीभोवती उभ्या राहिलेल्या पुतळ्यांचा, गाण्यांचा आणि चित्रपटांचा विचार राजकीय इतिहासाच्या अंगाने केला आहे, कलेचा निवाडा म्हणून नव्हे. छायाचित्रांखालच्या ओळींत घडवणाऱ्याबरोबर ते काम ज्या कुळासाठी वा घरासाठी झाले त्याचा निर्देश करण्याचा संकेत शक्य तेथे पाळला आहे. विक्रीकेंद्रांतून घेतलेल्या वस्तूंच्या बाबतीत ही दुसरी जागा बहुधा रिकामी राहिली असून ती मुद्दामच रिकामी छापली आहे.